जसा वाचणारा, तसे पत्र



आमचा दादा आय. टी. आय.ला वेल्डिंग शिकला. त्याला कामासाठी कॅनडाला जायचे आहे. तिथे कायमचे राहून काम करण्याचा अर्ज करायचा, तर आपल्याला इंग्रजी किंवा फ्रेंच येते हे परीक्षा देऊन दाखवावे लागते. दादा देणार आहे त्या परीक्षेचे नाव आयेल्ट्स. ती १९८९ सालापासून घेतली जाते. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार भाग. गुण शंभरापैकी नसतात, ० ते ९ असे असतात. त्यांना बँड म्हणतात.

या परीक्षेचे दोन प्रकार आहेत. ॲकॅडेमिक हा प्रकार मुख्यतः उच्च शिक्षणासाठी. दादाचा प्रकार जनरल ट्रेनिंग. त्यात इंग्रजीतून पत्र लिहावे लागते. दादा म्हणाला, "पत्रच ना? ते तर आपण झेडपीच्या शाळेतच शिकलो!" पण तालुक्याच्या क्लासमध्ये त्याने लिहिलेले पहिलेच पत्र लाल शाईने भरून परत आले. फीचे पैसे काकांनी सोयाबीन विकून बाजूला ठेवलेले. म्हणून दादाचा चेहरा एवढासा झाला. त्याचे काय चुकले, ते मी त्याच्याकडूनच समजून घेतले. आपल्यालाही उपयोगी पडेल म्हणून इथे लिहीत आहे.

प्रश्न कसा असतो?

लेखनाचा पेपर एक तासाचा. त्यात दोन प्रश्न. पहिल्यात पत्र, किमान १५० शब्दांचे. त्याला साधारण २० मिनिटे द्यावीत असे सांगितलेले असते. दुसऱ्यात निबंध, किमान २५० शब्दांचा. त्याला ४० मिनिटे. निबंधाचे वजन पत्राच्या दुप्पट असते, म्हणून पत्रातच रेंगाळून चालत नाही.

पत्राच्या प्रश्नात एक प्रसंग दिलेला असतो आणि खाली तीन मुद्दे असतात. तिन्ही मुद्दे पत्रात यायलाच हवेत. पत्ता लिहायचा नसतो. सुरुवात कोणत्या शब्दांनी करायची, तेही सांगितलेले असते.

दादाला सरावासाठी आलेला प्रसंग असा: तुम्ही भाड्याच्या खोलीत राहता. तिथला नळ गळतो. घरमालकाला पत्र लिहा. काय बिघडले ते सांगा, त्याचा काय त्रास होतो ते सांगा, आणि मालकाने काय करावे ते सांगा.

दादाचे काय चुकले?

आपल्या जुन्या पत्रांत मायना मोठा असे. वडिलांना 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार', इतरांना 'स. न. वि. वि.' म्हणजे 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष', आणि पुढे इकडची तिकडची खुशाली. ही आपली चांगली रीत आहे. पण दादाने तीच इंग्रजीत नेली! 'रिस्पेक्टेड सर' लिहिले, मग देवाच्या कृपेने आपण खुशाल असाल असे लिहिले, मग स्वतःची ओळख. नळ आला तो पाचव्या ओळीत. त्रासाचे वर्णन तर इतके लांबले की तिसरा मुद्दा राहूनच गेला.

क्लासच्या सरांनी खाली लिहिले होते: "नळ गळतो हे कळले. मालकाने काय करायचे, ते कुठे आहे?"

इंग्रजीत मान कसा देतात?

मला आधी वाटायचे, 'डियर' म्हणजे 'प्रिय', मग तो फक्त मित्राला लिहायचा. पण तसे नाही. इंग्रजी पत्रात अनोळखी साहेबालाही 'डियर'च लिहितात. तिथे तो शब्द म्हणजे नुसता मायना. शिवाय आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण असे तीन शब्द आहेत, इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. मग मान दाखवायचा कसा? तो वाक्याच्या घडणीतून दाखवतात. म्हणून आधी पत्र वाचणारा कोण, हे ठरवायचे. त्याचे तीन प्रकार पडतात.

१. वाचणारा अनोळखी, त्याचे नावही माहीत नाही. उदा. घरे भाड्याने देणाऱ्या कचेरीचे व्यवस्थापक. सुरुवात 'डियर सर ऑर मॅडम', शेवट 'युवर्स फेथफुली'. हे औपचारिक पत्र.

२. नाव माहीत आहे, पण गळ्यात हात टाकण्याइतकी ओळख नाही. उदा. घरमालक ब्राऊन. सुरुवात 'डियर मिस्टर ब्राऊन', शेवट 'युवर्स सिन्सिअरली'. हे निम-औपचारिक पत्र.

३. मित्र किंवा घरचे माणूस. सुरुवात 'डियर टॉम', शेवट 'बेस्ट विशेस'. हे अनौपचारिक पत्र.

आता एकच नळ तीन पत्रांत कसा गळतो ते पाहा! मी इथे मराठीत लिहिते.

व्यवस्थापकांना: "माझ्या खोलीतील स्वयंपाकघराचा नळ गळत असल्याची तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. या आठवड्यात दुरुस्तीची व्यवस्था केल्यास मी आभारी होईन."

घरमालकांना: "स्वयंपाकघरातला नळ सोमवारपासून गळतो आहे, हे कळवण्यासाठी लिहीत आहे. शनिवारपर्यंत कुणाला तरी पाठवता येईल का?"

मित्राला: "अरे, माझ्या खोलीतला नळ गळून गळून वैताग आलाय! तुझ्याकडे पाना आहे ना? रविवारी घेऊन ये की."

बातमी एकच, पण बोलण्याची ढब बदलली. इंग्रजीत आणखी एक खूण आहे. औपचारिक पत्रात शब्द पूर्ण लिहितात, 'आय कॅनॉट'. मित्राला जोडून लिहिले तरी चालते, 'आय कान्ट'. एकाच पत्रात दोन्ही ढबींची खिचडी केली तर गुण जातात.

तपासणारे काय पाहतात?

चार गोष्टी पाहतात. विचारले तेवढे सगळे लिहिले का? मुद्दे एकामागून एक नीट लागले का? शब्द योग्य आणि वेगवेगळे आहेत का? व्याकरण बरोबर आहे का? पत्र १५० शब्दांपेक्षा कमी भरले तर नुकसान होते. तुटक टिपणे चालत नाहीत, पूर्ण वाक्येच लागतात. आणि पाठ केलेले पत्र जसेच्या तसे उतरवले तर तपासणाऱ्याच्या ते लगेच ध्यानात येते.

दादा आता लिहिण्याआधी दोन-तीन मिनिटे नुसता विचार करतो. कच्च्या कागदावर तीन मुद्द्यांचे १, २, ३ असे आकडे टाकतो. पहिल्या वाक्यात पत्र कशासाठी, ते लिहितो. मग एकेका मुद्द्याला एकेक परिच्छेद. शेवटी वाचून पाहताना एकेका आकड्यावर काट मारतो. एखादा आकडा उरला, तर तो मुद्दा राहिला!

आपल्याला याचा काय उपयोग?

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे कॅनडाला जायचंय? पण ऐका. आमच्या वर्गाने गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीला शाळेच्या पाण्याच्या टाकीबद्दल अर्ज लिहिला होता. दादाचे ऐकल्यावर मी त्याची नक्कल काढून वाचली. माननीय, सन्माननीय, आपले आज्ञाधारक, सगळे होते. टाकीला झाकण नाही, पाण्यात पाला पडतो, हेही होते. पण 'झाकण बसवून द्यावे' हे वाक्यच नव्हते! आमच्याही अर्जातला तिसरा मुद्दा राहिला होता.

आम्ही नवा अर्ज लिहिला. विषय: शाळेच्या पाण्याच्या टाकीला झाकण बसवून मिळणेबाबत. खाली तीन छोटे परिच्छेद. बाईंनी तो वाचून मुख्याध्यापकांच्या सहीने पाठवला आहे. परीक्षेच्या पत्राला पत्ता लागत नाही, पण आपल्या खऱ्या पत्राला लागतो, तारीख लागते, आणि टपालाने पाठवायचे तर सहा आकडी पिनकोडही. तो आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे.

पालकांनो, तुम्हीही वीज, रेशन, पीकविमा यांसाठी अर्ज करता. पाठवण्याआधी घरातल्या मुलाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या आणि त्याला विचारा, "साहेबांनी काय करावं म्हणून लिहिलंय, सांग बरं?" मुलाला सांगता आले तर अर्ज बरोबर. नाही आले तर पुन्हा लिहा.

दादाची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तो रोज रात्री एक पत्र लिहितो आणि मी त्यातले मुद्दे मोजते. इंग्रजी सगळे कळत नाही, पण तीन परिच्छेद आहेत की नाहीत, एवढे तर मला मोजता येते!

करून पाहा: तुम्ही आजारी असल्यामुळे सहलीला येऊ शकत नाही. हे तीन पत्रांत मराठीतून कळवा: मुख्याध्यापकांना, शेजारच्या काकूंना आणि मैत्रिणीला किंवा मित्राला. चांगली पत्रे पुढच्या अंकात लावू.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी