दुब्रोव्हनिक : तागडी आणि तटबंदी

क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला, एड्रियाटिक समुद्राच्या काठी, दुब्रोव्हनिक हे तटबंदीने वेढलेले प्राचीन बंदर आहे. एका गाजलेल्या इंग्रजी मालिकेच्या चित्रीकरणामुळे अलीकडे पर्यटकांची तेथे रीघ लागते. बहुतेक जण १,९४० मीटर लांबीच्या तटावरून फेरी मारतात, छायाचित्रे घेतात आणि बोटीवर परततात. व्यापारी घराण्यातील माणसाने मात्र तेथे आधी स्पोंझा वाडा पाहावा.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला हा वाडा म्हणजे त्या नगरराज्याचे जकातघर, वखार आणि टांकसाळ. बंदरात उतरलेला माल अंगणात येई व तेथील कमानीखाली टांगलेल्या सरकारी तागडीवर तोलला जाई. त्या कमानीवर लॅटिन लेख कोरलेला आहे. त्याचा आशय असा : आमची मापे फसवू देत नाहीत आणि फसूही देत नाहीत; मी माल तोलतो तेव्हा परमेश्वर मला तोलत असतो. मापात खोट केल्यास अमुक दंड, अशी पाटीही तेथे लावता आली असती. त्याऐवजी हे वाक्य दगडात कोरले गेले. ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात शहर जमीनदोस्त झाले, हजारो माणसे दगावली. हा वाडा मात्र उभा राहिला.

रगुसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रजासत्ताकाजवळ शेतजमीन बेताची, सैन्य त्याहून बेताचे. होती ती गलबते आणि पत. तुर्की सुलतानाला दरसाल साडेबारा हजार सोन्याची दुकाते देऊन त्यांनी त्याच्या मुलखात व्यापाराच्या सवलती मिळविल्या. बँकेच्या भाषेत बोलायचे तर हा विम्याचा हप्ताच! गंमत अशी की, शहराबाहेरील लोव्ह्रियेनाक किल्ल्याच्या दारावर, जगातील सर्व सोन्याच्या मोबदल्यातही स्वातंत्र्य विकू नये, असे कोरले आहे. सोने देऊन स्वातंत्र्य राखणारेच ते लोक! १८०८ मध्ये नेपोलियनच्या सेनानीने हे प्रजासत्ताक बरखास्त केले.

प्लेगच्या काळात, १३७७ मध्ये, साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांनी महिनाभर शहराबाहेर राहावे, असा कायदा येथे झाला. विलगीकरणाचा हा जगातील अगदी आरंभीचा कायदा मानला जातो. व्यापार बंद करायचा नाही आणि रोगालाही आत घ्यायचे नाही, असा तो हिशेब. पुढे त्यासाठी बांधलेल्या लाझारेती या इमारती पूर्वेच्या वेशीबाहेर आजही उभ्या आहेत. १४१६ मध्ये याच नगराने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली.

त्याच वर्षाच्या सुमारास येथे बेनेदिक्त कोत्रुल्येविच हा व्यापारी जन्मला. १४५८ मध्ये त्याने व्यापारकलेवर ग्रंथ लिहिला. त्यात दुहेरी नोंद पद्धतीचे वर्णन आहे. वाणिज्य शाखेत आम्हांला या पद्धतीसंदर्भात लुका पाचोली याचेच नाव शिकविले गेले. त्याचे पुस्तक १४९४ मध्ये छापले गेले. कोत्रुल्येविचचा ग्रंथ १५७३ पर्यंत छापखान्यात पोहोचलाच नाही. आधी लिहूनही श्रेय हुकले ते असे! कच्ची वही, रोजकीर्द आणि खतावणी अशा तीन वह्या व्यापाऱ्याने ठेवाव्यात, असे तो सांगतो. आपल्या पेढ्यांना यात नवल ते काय?

रेक्टरच्या महालात राज्याचा प्रमुख राहत असे. त्याची मुदत अवघी एक महिना. खाजगी कामे विसरून सार्वजनिक कामे पाहा, अशी आज्ञा सभागृहाच्या दारावर कोरलेली. महालाच्या अंगणात मिहो प्रात्सात या जहाजमालकाचा अर्धपुतळा आहे. तो सरदार घराण्यातला नव्हता. आपली संपत्ती त्याने प्रजासत्ताकास दिली. सामान्य नागरिकाचा राज्याने उभारलेला असा पुतळा हा एकच.

स्त्रादुन या मुख्य रस्त्यावरील दुकाने सहज निरखावीत. भूकंपानंतर घरे एकसारखी बांधली गेली. एकाच कमानीत दार व खिडकी. खिडकीचा दगडी कठडा हाच गल्ला. गिऱ्हाईक बाहेर, दुकानदार आत.

तटावर सकाळी लवकर चढावे. उन्हाळ्यात तेथे सावली फार थोडी. वरून पाहिले की छपरांवर दोन रंगांची कौले दिसतात. फिकी, मळकट ती जुनी. लालभडक ती १९९१-९२ च्या वेढ्यातील तोफमाऱ्यानंतर बसविलेली, आणि संख्येने तीच अधिक आहेत.