सरकीची पेंड, जनुकीय परिवर्तन आणि जनावरांचे आरोग्य

मुळशी तालुक्यातील जांबे असो वा विदर्भातील एखादे गाव, दुभत्या जनावराच्या आंबोणात सरकीची पेंड असणे ही नित्याची गोष्ट आहे. मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी मिळाली. आज देशातील बहुतांश कापूस बीटी असल्याने पेंडही बहुधा बीटी सरकीचीच असते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र शासनाने १२ लाख टन जनुकीय परिवर्तित सोयापेंडीच्या आयातीस अनुमती दिली, तेव्हा हा प्रश्न कुक्कुटपालनापर्यंतही पोहोचला. अशा खाद्याने जनावरांना अपाय होतो काय?

प्रथम संज्ञा पाहू. 'जनुकीय सुधारित' या रूढ संज्ञेतील 'सुधारित' हा शब्द निर्णय आधीच देऊन टाकतो. 'परिवर्तित' हा शब्द केवळ झालेला बदल सांगतो. म्हणून येथे दुसरी संज्ञा स्वीकारली आहे.

मातीतील बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक कापसात घातल्याने झाडात 'क्राय' प्रथिन तयार होते. बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळते, तेथील विशिष्ट ग्राहींना चिकटते आणि आतड्यास छिद्रे पाडते. गाईम्हशींच्या जठरात मात्र आम्ल असते. तेथे हे प्रथिन इतर प्रथिनांप्रमाणे पचते. कर्नाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत दुभत्या गाईंना बीटी सरकी खाऊ घालून चाचण्या झाल्या. त्यांत दुधात वा रक्तात हे प्रथिन आढळले नाही.

तरीही शंका निर्माण झाली, आणि तिला कारण होते. २००६ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील वरंगळ भागात वेचणीनंतर बीटी कापसाच्या शेतात चरलेल्या मेंढ्या दगावल्याच्या तक्रारी आल्या. 'मेंढ्या चरल्या आणि मेल्या' हे विधान घटनाक्रम सांगते. 'चरल्या म्हणून मेल्या' हे विधान कारण सांगते. पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही. त्याच शेतात कीटकनाशकांची फवारणीही झालेली असते. पशुसंवर्धन विभागाच्या तपासणीत नायट्रेट आणि ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या अंशांकडे संशय वळला. मेंढपाळांचे नुकसान मात्र खरेच होते. म्हणूनच खरे कारण शोधणे अगत्याचे ठरते.

संशय एकाच कारणावर खिळला, की इतर धोके नजरेआड होतात. सरकीत, ती बीटी असो वा नसो, गॉसिपॉल हे नैसर्गिक विषारी द्रव्य असते. प्रौढ गाईम्हशींच्या कोठीपोटात त्याचा प्रभाव बराच कमी होतो; परंतु लहान वासरांचे कोठीपोट पुरेसे विकसित झालेले नसते, आणि कोंबड्यांना तर ते नसतेच. ओलसर जागी ठेवलेल्या पेंडीवर बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन तयार होते. ते यकृतास अपाय करते आणि त्याचा अंश दुधातही उतरतो. तेव्हा पेंड कोरड्या जागी ठेवणे, बुरसलेली पेंड टाकून देणे, वासरांना सरकी न घालणे आणि फवारलेल्या शेतात जनावरे न सोडणे, ही काळजी प्रत्येक गोठ्यात घ्यायला हवी.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : वृत्तपत्रातील एखादी आरोग्यविषयक बातमी निवडा. तिच्यातील घटनाक्रम सांगणारी आणि कार्यकारणभाव सांगणारी विधाने वेगळी करा.