मिठाला जागणारी फुलपाखरं

फुलपाखरं बघायला फुलांकडे जावं, हा समज वैशाखातल्या पोलादपुरात टिकत नाही. भाताची खाचरं भेगाळलेली असतात आणि महाबळेश्वराहून उतरलेली सावित्री गोट्यांमधल्या डोहांपुरती उरलेली असते. अशा दिवसांत सकाळी नऊच्या सुमारास डोहाकाठची ओली वाळू गाठावी. जिथे गुरं पाण्यावर येतात आणि मुतून जातात, ती जागा सगळ्यांत उत्तम.

लांबून वाटतं, कुणी कागदाचे कपटे भिरकावलेत. चार पावलं पुढे गेलं की कपटे थरथरू लागतात. इथे खाली बसावं आणि आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये. प्यायला बसलेलं फुलपाखरू बराच वेळ जागचं हलत नाही. नवशिक्याला ओळखायला याहून सोपी संधी नाही. काळ्या पंखांवर हिरव्या ठिपक्यांची दाटी असेल तर तो टेल्ड जे. ठिपक्यांऐवजी एकच निळा-हिरवा पट्टा असेल आणि शेपटी नसेल, तर ब्ल्यूबॉटल. पांढरट अंग, काळे पट्टे आणि मागे तलवारीसारखी लांब शेपटी हा स्पॉट स्वोर्डटेल. त्याचा भर उन्हाळ्यात. पावसाळ्यात शोधलात तर बहुधा हात हलवत परत याल. फिकट पिवळे एमिग्रंट बहाव्याची पानं खाऊन वाढलेले. आणि तळहाताएवढं काळंभोर, मागच्या पंखांवर आकाशी रंग सांडलेलं दिसलं, तर ते ब्ल्यू मॉरमॉन. 2015 मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान मिळाला. असा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. मराठीत त्याला राणी पाकोळी म्हणतात. गंमत अशी, की वाळूवर बसलेली ही राणी बहुतेक वेळा नर असते.

या पिण्याला चिखलपान म्हणतात. तहान हे त्याचं खरं कारण नाही. झाडांच्या पानांत सोडियम फार कमी, आणि अळीचं सारं आयुष्य पानांवर. शिवाय फुलांतला मध म्हणजे मुख्यतः साखरपाणी. 1974 साली अमेरिकेत टायगर स्वॅलोटेल फुलपाखरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की त्यांना वाळूकडे ओढतं ते सोडियमच. नर ते साठवतो आणि मीलनाच्या वेळी मादीला देतो. तिच्याकडून ते अंड्यांत उतरतं. कॉर्नेल विद्यापीठाचे स्कॉट स्मेडली आणि थॉमस आयझनर यांनी 1996 मध्ये एका पतंगाबाबत हा सगळा हिशेब मांडला. तो पतंग एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या 600 पटींहून जास्त पाणी पितो, मीठ तेवढं ठेवून घेतो आणि बाकीचं मागून पिचकारीसारखं उडवून देतो. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हे असं!

वाळूवर न येणाऱ्यांसाठी आंब्या-फणसाखाली जावं. गळून आंबलेल्या फळावर कधी कधी ब्ल्यू ओकलीफ बसलेलं असतं. याच्या अळ्या कारवीवर वाढतात. पंख मिटलेलं ओकलीफ म्हणजे मधली शीर आणि देठासकट हुबेहूब वाळलेलं पान. ते शोधायला जाऊ नये, चुकून पाय पडण्याआधी उडालं तर दिसतं. उडताना वरचा निळा रंग क्षणभर चमकतो आणि पुढच्या खोडावर ते पुन्हा पान होऊन बसतं.

महाडकडच्या भातशेतीत वाढणारं इव्हनिंग ब्राउन तर पुस्तकं चाळणाऱ्यांनाही चकवतं. पावसाळ्यात त्याच्या पंखाखाली ठळक डोळे असतात, उन्हाळ्यात ते जवळजवळ पुसले जाऊन पाचोळ्याचा रंग येतो. दोन्ही रूपं एकाच जातीची. हिरव्या गवतात डोळे पाहून शत्रूची चोच पंखाच्या कडेकडे वळते आणि जीव वाचतो. वाळक्या पानांत मात्र डोळे दाखवणं म्हणजे आपला पत्ता सांगणं.

दिवेलागणीला हे इव्हनिंग ब्राउन पडवीत येऊन भिंतीवर आपटत राहतं. घरातली मंडळी पतंग समजून फडकं घेऊन धावतात. फडकं मारण्याआधी त्याच्या मिशा बघाव्यात: फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या बहुधा नसते.