रविवारी न दुखणारे पोट

शाळेच्या वेळी दुखणारे आणि रविवारी रजा घेणारे पोट आपण चटकन ढोंगी ठरवतो. पण ते खरेच दुखते. भीतीला लहान वयात शब्द सापडत नाहीत, एवढेच. माझ्या पुतणीला तपासून डॉक्टरांनी मानसोपचाराचे नाव काढले, तशा वहिनी म्हणाल्या, "भावजी, पोरगी वेडी आहे का?" (या एका शब्दापायी किती मुले खोळंबली असतील!) झोप, भूक, खेळ दोनेक आठवडे बिघडलेलेच राहिले, तर जावे, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी. सरकारच्या 'टेलि-मानस'वर, १४४१६ ला, २०२२ पासून रात्रंदिवस फुकट बोलता येते.

पुतणी चित्रे काढता काढता बोलती झाली. शाळाही हप्त्याहप्त्याने: आधी फाटक, मग एक तास. "आज काय विचारलं?" ही उलटतपासणी मात्र वहिनींनी कटाक्षाने टाळली, खिचडी वाढून त्या गप्प बसत.