ताटातलं तळं

बर्नार पालिसी या फ्रेंच कारागिराची ताटं जेवायची नाहीत. लांबट गोल ताटाच्या मधोमध बेट असतं, बेटावर साप वेटोळं घालून पडलेला. भोवतीच्या पाण्यात मासे, काठावर सरडा, बेडूक, शिंपले, नेच्याची पानं. सापाचे खवले बारकाईनं पाहिले की कळतं, हे कुणी कोरलेले नाहीत. खऱ्या प्राण्यावरून साचा घेऊन त्यात माती दाबलेली आहे.

पालिसीचा जन्म 1510च्या सुमाराचा. फ्रान्सच्या पश्चिमेला सँत या गावी तो स्थायिक झाला. काचेवर चित्रं रंगवायची आणि जमिनी मोजून नकाशे काढायचे, हा पोटापाण्याचा उद्योग. 1543 साली समुद्रकाठच्या मिठागरांची मोजणी त्याच्याकडे आली होती. दलदल, भरती-ओहोटी, चिखलातले जीव हे सगळं त्याच्या पायाखालून गेलेलं होतं. लॅटिन-ग्रीक त्याला येत नव्हतं आणि त्याची त्याला लाजही नव्हती.

याच सुमारास त्यानं पांढऱ्या लुकणाचा, म्हणजे भाजून चकाकणाऱ्या लेपाचा, एक पेला पाहिला आणि तसं लुकण आपल्याला जमलंच पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. मातीची ओळख नाही, भट्टीची सवय नाही. खापऱ्यांवर निरनिराळी मिश्रणं लावायची, भाजायची, टाकून द्यायची. एकदा त्यानं तीनशेहून अधिक तुकडे काचवाल्यांच्या भट्टीत पाठवले, त्यांतला एक पांढरा, चकचकीत निघाला. मग पाठीवर विटा वाहून घरीच भट्टी रचली. सहा दिवस, सहा रात्री जाळ घातला तरी लुकण वितळेना. नवं मिश्रण वाटलं, तोवर सरपण संपलं. त्यानं बागेतल्या मांडवाच्या काठ्या जाळल्या, मग टेबलं, शेवटी घराच्या जमिनीच्या फळ्या.

एकोणिसाव्या शतकात ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून फार गाजली. सॅम्युएल स्माइल्सच्या ‘सेल्फ हेल्प’मध्येही ती आहे. त्या फळ्यांवर ज्या बायकोमुलांचे पाय होते, त्यांची बाजू कुणी लिहून ठेवली नाही. पालिसीनं मात्र घरच्यांचा संताप लपवलेला नाही. मला त्याच्या आठवणींतली दुसरीच एक जागा मोलाची वाटते. लुकण जमल्यावरही त्याचं ताट जमेना. सरड्याचा हिरवा रंग करपून जाई, तेव्हा कुठे सापाचा रंग वितळायला लागे; आणि साप, कासव, खेकडे तयार होत, तेव्हा पांढरा अजून कच्चाच असे. प्रत्येक रंगाची आच वेगळी. तळ्यात हे सगळे जीव सुखानं एकत्र नांदतात, ते भट्टीत नांदावेत म्हणून त्याची वर्षं गेली.

उपाय शिशाच्या झिलईत होता. ती कमी आचेवर वितळते, पातळ आणि पारदर्शक राहते, म्हणून खवल्याखवल्यातली रेघ बुजत नाही. तिच्यात तांब्याचा हिरवा, कोबाल्टचा निळा, मँगनीजचा जांभळट-तपकिरी, लोखंडाचा पिवळा. खोलगट भागात झिलई साचते, तिथे रंग गडद होतो आणि पाणी खोल दिसतं. पुढे एका पुस्तकात त्यानं लुकणातल्या जिनसांची यादी दिली, प्रमाणं दिली नाहीत. चुकत चुकत शिका, असं त्याचं सांगणं.

पालिसी प्रोटेस्टंट होता. 1562 साली धर्मयुद्ध पेटलं. त्याला पकडून बोर्दोला नेलं, मागे त्याचं कामाचं ठिकाण फोडलं गेलं. राजदरबारातल्या बड्या आश्रयदात्यांमुळे जीव वाचला. पुढच्याच वर्षी त्याचं पहिलं पुस्तक आलं. त्यात एका स्वप्नातल्या बागेचा आराखडा आहे. त्या बागेतले मातीचे सरडे पाहायला खरे सरडे येतील, असं तो म्हणतो. ‘माझ्या कार्यशाळेतल्या मातीच्या कुत्र्यावर खरी कुत्री गुरगुरलीच आहेत की!’

याच पुस्तकात एक तटबंदीचं शहरही आहे. निर्धास्त राहता येईल असं नगर कसं बांधावं, हे शोधत तो आधी वास्तुकारांचे नकाशे धुंडाळतो. समाधान होत नाही. मग रानात, डोंगरात, शेवटी समुद्रकाठी जातो. तिथे त्याला दिसतं की अंगात हाड नसलेल्या, पळता न येणाऱ्या जीवांना सर्वांत भक्कम घरं मिळाली आहेत. गोगलगाय स्वतःच्या लाळेतून घर बांधते. गिनीच्या किनाऱ्यावरून आलेला एक काटेरी शंख समोर ठेवून तो शहर आखतो: एकच रस्ता, शंखासारखा आत आत वळत जाणारा, शत्रूनं बाहेरचा फेर फोडला तरी आतला शाबूत. ताटांवरचे ते शिंपले मला तेव्हापासून नुसती सजावट वाटत नाहीत. ज्याचं दार नुकतंच फोडलं गेलं होतं, त्या माणसानं ते निवडले होते.

पुढे राणी कॅथरीन द मेदिचीच्या त्विलरी बागेसाठी मातीची गुहा घडवायला तो पॅरिसला आला. त्याच्या ताटांवरचे कितीतरी शिंपले पॅरिसच्या परिसरातल्या जीवाश्मांवरून घेतलेले आहेत. साचा घेणाऱ्याला ठसा म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही. दगडातले शिंपले हे एके काळचे जिवंत प्राणीच, ते ज्या जागी जगले त्याच जागी दगड झाले, असं त्यानं ठामपणे मांडलं. झऱ्यांचं पाणी पावसाचंच असतं, हेही. 1575पासून तो पॅरिसमध्ये व्याख्यानं देई, प्रवेशाला एक सोन्याचं नाणं घेई. माझं म्हणणं खोटं ठरलं तर चौपट परत, अशी बोली. 1580च्या पुस्तकात ‘सिद्धान्त’ आणि ‘अनुभव’ यांचा संवाद आहे आणि त्यात शिकवणारा अनुभव आहे.

धर्म सोडला नाही म्हणून म्हातारपणी तो पुन्हा पकडला गेला आणि 1590च्या सुमारास बास्तीयच्या तुरुंगातच मेला. ताटांवर त्यानं सही केलेली नव्हती. नंतर नकला इतक्या झाल्या की, कुठलं त्याच्या हातचं हे ठरवणं अवघड होऊन बसलं. 1980च्या दशकात लूव्रच्या आवारात खोदकाम झालं, तेव्हा त्याच्या कार्यशाळेतले हजारो तुकडे आणि साचे वर आले. साच्यात सगळं उलटं असतं: पाठीच्या जागी खळगा, खवल्यांच्या जागी बारीक खाचा, आणि मधे चारशे वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याच्या अंगाएवढी पोकळी.