नोकरी सांभाळून ‘कॅट’: चाळीस मिनिटांचा हिशेब

नोकरी करत एमबीएची प्रवेशपरीक्षा ‘कॅट’ देणाऱ्यांच्या वेळापत्रकात रोजचे तीन तास हमखास लिहिलेले असतात, आणि ते पंधरा दिवसही टिकत नाहीत. मग माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो. खरं तर इथे आळसापेक्षा अंदाजच जास्त चुकलेला असतो. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांच्या १९९४च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत संपेल असं विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज होता ३४ दिवस, लागले ५५. आपल्याकडे तर परीक्षा नोव्हेंबरअखेरीस, म्हणजे तिच्या वाटेवर गणपती, सप्टेंबरअखेरचं तिमाही क्लोजिंग आणि दिवाळी हे सगळं येतंच. हे आधीच माहीत असताना रोजचे तीन तास धरायचे कशाच्या भरवशावर?

माझ्या मते नोकरदारानं तास मोजूच नयेत, चाळीस मिनिटांच्या बैठका मोजाव्यात. हा आकडा परीक्षेनंच दिलेला आहे. दोन तासांच्या ‘कॅट’चे तीन विभाग आहेत, प्रत्येकाला बरोबर चाळीस मिनिटं, आणि उरलेला वेळ दुसऱ्या विभागाला वळवता येत नाही. डीआयएलआरचे (आकडेवारी आणि तर्क या विभागाचे) चार-पाच सेट समोर घेऊन बसा. पहिली पाच मिनिटं पेन खाली ठेवून नुसते वाचा, कुठला सेट सोडायचा ते ठरवा आणि मगच सोडवायला घ्या. बहुपर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं की एक गुण कापला जातो, त्यामुळे ‘सोडणं’ हीसुद्धा सरावानंच जमणारी गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशीची सुरुवात कालच्या चुकलेल्या उदाहरणांनी करावी, तीही उत्तराकडे न बघता. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवडाभरानं मात्र न बघता आठवून लिहिणारे त्यांच्या पुढे गेले. सोल्यूशनचे व्हिडिओ पाहून ‘समजलं’ म्हणणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

यावर आक्षेप येतो की दिवसभर अभ्यास करणारे पुढे जाणारच, कारण पर्सेंटाइल इतरांच्या तुलनेत ठरतं. हे नाकारण्यात अर्थ नाही. दहावीनंतर गणित सुटलेल्याला चाळीस मिनिटांत अंकगणितही नव्यानं उभं करता येणार नाही. त्यावर उपाय म्हणजे लवकर सुरुवात, जुलैऐवजी जानेवारी-फेब्रुवारीत. रात्रीची झोप तोडणं हा उपाय नव्हे. पण पाया बरा असेल, तर उरलेला प्रश्न बराचसा निवडीचा आणि वेगाचा असतो, आणि तो छोट्या, अंतरानं केलेल्या बैठकांत सुटू शकतो. लोकलच्या गर्दीत सेट सुटत नाहीत, तिथे फार तर अग्रलेख वाचून होतो. तो बैठकीत धरू नये.

रविवार मात्र कुणालाही देऊ नये. दोन तास मॉक (सराव परीक्षा) आणि निदान तितकाच वेळ तिच्या चिरफाडीला हवा. सोमवार ते शुक्रवार पाचपैकी चार बैठका झाल्या तर आठवडा भरला असं समजावं. पाचवी क्लोजिंगसाठी आणि पाहुण्यांसाठी राखीव. एवढंही निघत नसेल, तर यंदा फॉर्म भरू नये. कारण अभियांत्रिकीच्या ‘गेट’ परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो, ‘कॅट’चा पुढच्या एका प्रवेशवर्षापुरताच.