एकट्यानं झोनमध्ये उतरायचं तर

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणजे कागद, पेन्सिल, फासे आणि चार-पाच मित्र. प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण मात्र पात्र घेत नाही, तो खेळाचा सूत्रधार होतो. त्याला गेममास्टर म्हणतात. समोर काय दिसतंय, कोण आडवं आलं, हे तो सांगतो. अडचण ठरलेली आहे: नोकरी-संसारातल्या पाच जणांची सुट्टी एका दिवशी जुळत नाही. म्हणून सूत्रधाराशिवाय एकट्यानं खेळायची रीत पडली. त्यातही नवख्या माणसानं सुरुवात उद्ध्वस्त जगापासून करावी, असं माझं मत आहे. तिथं अन्न, पाणी, गोळ्या सगळं मोजून असतं, त्यामुळे सूत्रधाराचं निम्मं काम हिशेबाचा कागदच करतो.

उदाहरणाला 'म्युटंट: इयर झिरो' घेऊ. फ्री लीग या स्वीडिश प्रकाशनाचा हा खेळ 2014 साली इंग्रजीत आला. त्याचं मूळ स्वीडनमधल्या 1984 च्या 'म्युटंट' या खेळात आहे. जुनी संस्कृती लयाला गेली आहे. शरीरात विचित्र बदल झालेली माणसं 'आर्क' नावाच्या वस्तीत तग धरून आहेत. त्यांना मुलं होत नाहीत. वस्तीबाहेर पसरलेला नासका मुलूख म्हणजे झोन. एकट्यानं खेळायचे नियम या पुस्तकात नाहीत, ते आपण बाहेरून जोडणार आहोत.

पहिलं काम पात्राचं. एकट्यासाठी स्टॉकर, म्हणजे वाटाड्या घ्यावा, कारण झोनमधून वाट काढायचं खास कौशल्य फक्त त्याच्याकडे असतं. सोबतीला कुत्रेवाला घ्या. हीसुद्धा पुस्तकातलीच भूमिका आहे, आणि कुत्रा तिच्याबरोबर येतो. नियम टोळीसाठी लिहिलेले आहेत. एकटा वाटाड्या पहिल्याच चकमकीत आडवा होतो. उलट चार-चार पात्रं घेतली तर कागद सांभाळता सांभाळता खेळ राहून जातो.

नकाशा चौकोनांत आखलेला असतो. पुस्तकात लंडन आणि न्यूयॉर्कचे तयार नकाशे आहेत, पण आपल्या शहराचा नकाशा घेतला तरी चालतं. एकट्याला तेच बरं. वळणापलीकडे शाळा होती की पेट्रोल पंप, हे आपल्याला ठाऊक असतं, तेवढं सुचवण्याचं ओझं कमी. मात्र सगळे चौकोन आधीच भरून ठेवू नका. बरेच जण इथंच अडकतात: महिनाभर नकाशा रंगवतात आणि पाऊल बाहेर टाकत नाहीत. पात्र ज्या चौकोनात शिरेल, त्यात काय आहे ते ठरवायला पुस्तकातले तक्ते त्या वेळी उघडा.

आता फासे. लुडोचे साधे सहा बाजूंचे फासे पुरतात, फक्त तीन रंग हवेत: एक अंगच्या गुणाचा, एक कौशल्याचा, एक हातातल्या साहित्याचा. मिळतील तेवढे एकदम टाकायचे. एक जरी सहा पडला तरी काम फत्ते. चार फाशांत निदान एक सहा पडण्याची शक्यता जेमतेम 52 टक्के असते, म्हणून अपयशाची सवय करून घ्या.

सहा नाही पडला किंवा आणखी सहा हवे असतील, तर एकदा जोर लावता येतो. सहा पडलेले फासे आणि गुणाच्या व साहित्याच्या फाशांवरचे एक तसेच ठेवून बाकीचे पुन्हा टाकायचे. यानंतर गुणाच्या फाशावर जितके एक, तितकी पात्राला इजा, आणि अंगातली विचित्र शक्ती वापरायला तितकेच पॉइंट. साहित्यावरचा एक म्हणजे वस्तूची मोडतोड. एकट्यानं खेळताना ही इजा लिहायला हात जड होतो. तिथंच लिहा, नंतरवर टाकलीत तर ती कधीच लिहिली जात नाही.

सूत्रधाराची जागा 'मिथिक गेममास्टर एम्युलेटर' घेतं. टाना पिजन यांनी 2003 साली आणलेली ही पद्धत कुठल्याही खेळाला जोडता येते. आपण हो-नाहीचा प्रश्न विचारायचा, 'हो'ची शक्यता किती ते आधी ठरवायचं, मग 1 ते 100 मधला आकडा काढायचा. शिवाय एक गोंधळ-अंक असतो, 1 ते 9 मधला. सुरुवात 5 पासून. तो जितका मोठा, तितकं जग बेभरवशाचं.

दहा बाजूंचे फासे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. पत्त्यांचा जोड घ्या, चित्रं काढून टाका. लाल गठ्ठ्यातलं पान दशकाचं, काळ्यातलं एककाचं, दश्शी म्हणजे शून्य, दोन्ही दश्श्या म्हणजे शंभर. पान परत घालून पिसायला विसरू नका.

समजा, वाटाड्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनात उतरला. 'खाली पाणी साठलंय का?' शक्यता निम्मी-निम्मी, म्हणजे गोंधळ-अंक 5 असताना 50 किंवा कमी आलं तर हो. लाल तिर्री, काळी सत्ती: 37. हो. 'पिण्याजोगं आहे का?' शक्यता कमी, म्हणून 35 पर्यंतच हो. लाल चौकी, काळी चौकी: 44. नाही. पण दोन्ही अंक सारखे, आणि 4 हा गोंधळ-अंकाच्या आत. अशा वेळी अनपेक्षित घटना घडते. तिचा रोख आणि दोन शब्द मिथिकच्या तक्त्यांतून काढायचे. समजा 'सोडून देणे' आणि 'आवाज' आले. खालच्या फलाटावर कोणीतरी बांधून सोडलेलं कुत्रं भुंकतंय, आणि आपला कुत्रा कान टवकारून जिन्याकडे ओढ घेतोय. डोक्यात पहिला आलेला पटण्याजोगा अर्थ घ्यायचा आणि पुढं जायचं.

सगळ्यांत जास्त घोटाळा इथंच होतो. पात्र काय करू शकतं, ते खेळाच्या फाशांना विचारा. जग कसं आहे, ते मिथिकला. 'मला कुलूप तोडता येईल का?' हा मिथिकचा प्रश्न नव्हे. 'आत काय आहे?' हाही नव्हे, कारण त्याचं उत्तर हो-नाहीत येत नाही. 'आत कोणी राहून गेलंय का?' असं विचारा. मनासारखं उत्तर येईपर्यंत तोच प्रश्न फिरवून विचारणं ही तर सरळ लबाडी. आणि जे उघड आहे ते विचारूच नका. पावसात छप्पर फुटलेलं घर ओलंच असणार. एका प्रसंगाला दोन-तीन प्रश्न झाले की पात्राला हलवा.

प्रत्येक नव्या प्रसंगाआधी काय घडेल असं वाटतं ते एका ओळीत लिहा आणि एक पान ओढा; इथं दश्शी म्हणजे दहा. गोंधळ-अंकापेक्षा मोठं असेल तर लिहिलं तसंच घडतं. नाहीतर विषम आकड्याला त्यात बदल होतो आणि सम आकड्याला भलतंच काही मध्ये येतं. प्रसंग संपला की सूत्रं पात्राच्या हातात राहिली असल्यास गोंधळ-अंक एकनं कमी करा, हातची गेली असल्यास एकनं वाढवा.

दिवस मावळला की प्रत्येक पात्रामागे एक वाटा अन्न, एक वाटा पाणी खोडा. गोळ्या झाडायच्या आणि त्याच चलन म्हणूनही द्यायच्या, तेव्हा त्यांचाही हिशेब हवा. नोंदी दोन-दोन ओळींच्या ठेवा. कादंबरी लिहायला बसलेले बहुतेक जण तिसऱ्या बैठकीला वही मिटतात.

वाटाड्या मेला तर त्याला वाचवण्यासाठी नियम वाकवू नका. आर्कमधून दुसरा निघेल. नकाशा तोच, गोंधळ-अंक तोच, आणि पहिल्याची बंदूक कुठल्या चौकोनात पडली आहे हे वहीत आहेच.